मागणी घटली म्हणे

प्रिय शोभा,

तू गेल्यावर इतके दिवस काही लिहिलं नाही. रडगाणं लिहायचं नव्हतं मला. आज संतापानं बसलेय, म्हणून लिहिते.

काल सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, एड्सवाल्यांच्या औषधांचा पैसा सरकारनं यंदा आणखी कापला. का, तर मागणी घटली. औषध न्यायला माणसंच कमी यायलेत म्हणे. कमी येणार नाहीत तर काय? गेल्या वर्षी यांनी औषध तोडलं, माणसं मेली. मेलेलं माणूस रांगेत येऊन उभं राहतं का? तुझ्या मरणाचंसुद्धा यांनी निमित्त करून ठेवलं, पोरी.

प्रकाश वारला तेव्हा परभणीहून भावकी आली होती, आठवतं? इथं परमुलखात, कडोदऱ्याच्या आपल्या त्या एवढ्याशा खोलीत बसून माझा दीर म्हणाला, हिला माहेरी घाला, हिनंच पोरगं खाल्लं. मी त्याला चहाचा कप खाली ठेवायला लावला आणि दार दाखवलं. कापडाच्या लूमवर कामाला असताना प्रकाश कुठं कुठं जात होता ते मला माहीत होतं. पोरगा माझा होता, पण माझे डोळे फुटले नव्हते. रोग तुला त्यानं दिला. मग तू माहेरी का जावंस?

मग आपण दोघीच राहिलो. तू साड्यांचे धागे कापायचीस, मी घड्या घालायची. आणि एक दिवस तुझ्या तोंडात पांढरं पांढरं आलं. पाण्याचा घोट घ्यायचा तरी तू डोळे मिटून घ्यायचीस. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, ही बुरशी आहे, या रोगात धरतेच, याला गोळी आहे, खिडकीवर फुकट मिळेल.

काय गोळी होती ती! आठवड्याभरात तू भाकरी मागितलीस. वर ठेचा. नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्लास आणि हसत बसलीस. मला वाटलं, घरात पुन्हा माणूस आलं.

आणि मग ती खिडकी. आतला माणूस म्हणाला, वरून पैसा कमी झालाय, या गोळ्या आता येणार नाहीत, बाहेरून घ्या. बाहेरची एक गोळी म्हणजे तुझी अख्ख्या दिवसाची मजुरी. उरलेल्या गोळ्यांतल्या अर्ध्या तू रांगेत भेटणाऱ्या कतारगामच्या रमिलाला देऊन टाकल्यास. तिचा नवरा हिरे घासायचा, तोही याच रोगानं गेला होता, आणि तिच्याही तोंडात पांढरं आलं होतं. तू गोळ्या वाटल्यास हे मला फार मागाहून कळलं. मला एका शब्दानं विचारलंस का? माझ्याजवळ मात्र म्हणत राहिलीस, "आत्याबाई, आज भूक नाही."

तू साहेबांकडं गेलीस तेव्हा मी शेजारीच होते. त्यांनी तुला खुर्चीसुद्धा दिली नाही. म्हणाले, बेन, या औषधानं रोग काही बरा होत नाही. जे वाचणारच नाहीत त्यांच्यावर सरकारनं किती खर्च करायचा?

तू अगदी हळू म्हणालीस, "साहेब, मी वाचायला नाही आले. मला जेवायचंय."

त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं.

पुढं तुझं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुरशी मेंदूपर्यंत गेली. औषध जवळजवळ तेच, पण जास्त लागणार, आणि तेही नाही. हे सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर तू गेलीस. अंगाला हात लावायला कोणी येईना. मीच तुला आंघोळ घातली, मीच लुगडं नेसवलं.

आता रमिलाच्या तोंडात पुन्हा पांढरं आलंय. म्हणून काल तिला घेऊन गेले. सोबत आणखी चार-पाच बाया आणि सचिन गावच्या कारखान्यातले दोघं. साहेबांच्या दारात आम्ही फतकल मारून बसलो. तेव्हा त्यांनी ते मागणीचं सांगितलं. म्हणाले, माँजी, तुम्हाला तर रोग नाही, तुम्ही कशाला आलात?

मी म्हणाले, "माझी सून मागत होती. तुम्ही दिलं नाही. ती मेली म्हणून आता मागत नाही. याला तुम्ही मागणी घटली म्हणता?"

साहेब उठले, भिंतीतलं कपाट उघडलं आणि गोळ्यांची एक पट्टी काढून रमिलापुढं धरली. ही घे, घरी जा, कुणाला सांगू नकोस, म्हणाले. म्हणजे कपाटात होत्या, शोभा. तू तिथं उभी होतीस तेव्हाही होत्या का? हे डोक्यातून जात नाही माझ्या.

रमिलानं पट्टी घेतली. तिथंच एक गोळी कशीबशी गिळली, तोंड पुसलं आणि परत आमच्यात येऊन बसली. साहेब वैतागून म्हणाले, आता काय राहिलं?

ती म्हणाली, "आता यांचं."

पोलीस बोलावले. एका बाई पोलिसानं मला दंडाला धरून उठवलं, मी पुन्हा बसले. दिवस मावळायच्या सुमारास, आमची ब्याद टळावी म्हणून, कपाटातल्या गोळ्या बसलेल्या सगळ्यांना वाटल्या. कपाट रिकामं झालं. सरकारचा हुकूम मात्र तसाच आहे. महिन्यानं रमिला काय गिळणार?

सोमवारी आम्ही पुन्हा जातोय. साहेब बदलतील, दुसरे येतील. त्यांनाही मी हेच सांगेन, की माझी सून रोगानं नाही मेली, तिला औषधावाचून मारलं. तू मला सारखी म्हणायचीस, आत्याबाई, चारचौघांत हळू बोलत जा. तुझं बाकी सगळं ऐकेन. एवढं एक ऐकणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
आत्याबाई