माझ्याच दुर्बिणीची दोरी

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता वाकू देते का आणि वहिनींचा खोकला कसा आहे, ते कळवावे. इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे आणि मी संतापलेला आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचं मंडळ महिन्यातून एकदा संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर लोकांना फुकटात ग्रह दाखवतं. तिथली सगळ्यांत मोठी दुर्बीण माझी. तिचा आरसा मी न्हाणीघरात बसून महिनोन्महिने घासला (तेव्हा तुमच्या बहिणीनं आंघोळीच्या खोळंब्यावरून जे तोंड सोडलं, ते तुमच्याही कानी आलं असेल). अशा माणसाच्या हाती आता रांगेची दोरी दिली आहे. लोकांना ओळीत ठेवायची दोरी, दादा!

झालं असं. माझ्या दुर्बिणीतून शनी पाहताना लहान मुलं ‘कडं दिसलं’ म्हणून उड्या मारायची आणि मोठी माणसं ‘अंधूक आहे हो’ म्हणून तोंड वाकडं करायची. (एक गृहस्थ तर आत चित्र चिकटवलंय का, हे बघायला नळीच्या पुढच्या तोंडात डोकावले.) यावरून मी सिद्धान्त मांडला, की वय वाढलं की कुतूहल मरतं. त्यावर मंडळात भाषणही ठोकलं, टाळ्या पडल्या. मागच्या खेपेला खुद्द आमचे अध्यक्ष ‘अंधूक’ म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, अंधाऱ्या पोकळीत डोकावण्याचा त्यांना माझ्याहून जास्त सराव. तरी मी त्यांनाही कुतूहलाचे चार शब्द सुनावले. तेवढ्यात तुमची बहीण, जी केवळ चहाचा थर्मास घेऊन सोबत आली होती, भर रांगेत म्हणाली, “अहो, तुम्ही चष्मा काढून जुळवता. ते तुमच्या डोळ्याला जुळतं, त्यांच्या कसं जुळेल? पोरांचे डोळे कोवळे, ते घेतात सांभाळून.”

अध्यक्षांनी चित्र स्पष्ट करायची चाकी जराशी फिरवली आणि ‘कडं दिसलं’ म्हणून केवढ्यानं ओरडले! एवढी वर्षं मी शेकडो लोकांना अंधूक शनी दाखवून वर त्यांचीच अक्कल काढत होतो, असं तिथल्या तिथे ठरलं. दुर्बीण तिच्याकडे, दोरी माझ्याकडे.

आता ती काय करते ऐका. ‘दुर्बिणीला हात लावू नये’ हा मंडळाचा पहिला नियम, पाटी मी स्वतः रंगवलेली. ती त्याच पाटीवर थर्मास ठेवते आणि येईल त्याला चाकी फिरवायला सांगते. रांग जिन्याखाली जाते. बाकीचे दुर्बीणवाले हात चोळत बसतात. वाण्याच्या दुकानात लोक मला ‘शनीवाल्या बाईंचे मिस्टर’ म्हणतात. हे तुम्हाला पटतं का?

लोभ आहेच, थोडा न्यायही असू द्यावा.

आपला,
(अजून तरी) मेहुणा

ता. क. खरं काम हे, की पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी तिला काहीही निमित्त काढून तुमच्याकडे बोलावून घ्या. एक संध्याकाळ दुर्बीण माझ्या हाती आली, की पुढचं मी बघतो.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि कार्यक्रम होऊनही गेला. तिच्या चुका काढायच्या म्हणून दोरी कठड्याला बांधून मी रांगेत शेवटी उभा राहिलो. अंधारात तिनं ओळखलं नाही. माझा हात धरून चाकीवर ठेवला आणि म्हणाली, “चष्मा असू द्या काका, सावकाश फिरवा.” काका! पण चष्मा न काढता पहिल्यांदाच फिरवली. दादा, ग्रह आणि कडं यांच्यामधली ती काळी फट मी जन्मात इतकी स्वच्छ पाहिली नव्हती. मला रडूच आलं, आणि डोळे भरल्यावर पुन्हा सगळं अंधूक. तेव्हा तिला बोलावू नका. फक्त एवढं बजावा, की मी डोळे पुसतोय तोच ती “चला, पुढचे” म्हणाली आणि माझ्यामागे एकही माणूस नव्हता. मागे कोणी नसेल, तेव्हा नवऱ्याला दोन मिनिटं जास्त द्यायला काय हरकत आहे?