मामांच्या फांदीचं पाचवं पान

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का, आणि त्याने दिला तरी मामी चढू देतात का, ते कळवा. मी ठणठणीत आहे, फक्त कालपासून पाय जमिनीवर नाहीत, आणि त्याला कारण तुम्ही.

आमच्या संग्रहालयात (जिथे मी कागदावर चिकटवलेल्या वाळक्या झाडाझुडपांची राखण करते) तुम्ही कॉलेजात असताना आणलेली एक फांदी निघाली. जांभळी फुलं, पाच पानं, खाली तुमची लफ्फेदार सही. तसलं झुडूप नंतर कुणालाच सापडलेलं नाही. ते बघायला एक संशोधक बाई आल्या आणि सहज म्हणाल्या, "एक पान द्या, दळून तपासते."

आमचे नियम कडक. फुलाला हात लावायचा नाही. गळालेला चुरा असेल तर तोच द्यायचा. नसेल तर करंगळीच्या नखाएवढा तुकडा, आणि पानं पाचाहून कमी असतील तर तेवढाही नाही. बाई म्हणाल्या, "नखाएवढ्यात काय होणार?" मी म्हटलं, "माझं नख मोठं आहे." (नाहीये. पण वेळ मारून नेली.) चुरा नव्हता. पानं तीनदा मोजली, पाचच भरली. मग पंखा बंद केला, शिपाईकाकांना खोकायला बाहेर पाठवलं आणि श्वास रोखून सगळ्यात खालच्या पानाचा कोपरा कापला. कुणी, कधी, किती कापलं याची चिठ्ठी कागदावर डकवली आणि घरी जाऊन आडवी झाले.

काल निकाल आला. फुलं दिसायला तुळशीच्या कुळातली आणि तपासलेलं पान वांग्याच्या! असं झाड जगात नाही म्हणे. आमचे साहेब, जे स्वतःच्या वाढदिवसालाही हसत नाहीत, ते चक्क हसले. झाडाला तुमचं नाव द्यायचं घाटतंय, सोमवारी बैठक आहे. आईने तर अख्ख्या इमारतीला सांगून टाकलंय.

मामींना नमस्कार.

तुमची लाडकी (असं मामी म्हणतात)
भाची

ता.क. आज भिंगातून पाहिलं. चार पानं फांदीतूनच फुटलीयत. पाचव्याचा, म्हणजे मी कापलेल्याच पानाचा, देठ आणि फांदी यांच्यात केसाएवढी फट आहे, आणि फटीत डिंक. मामा, तुमच्या कॉलेजातल्या सरांनाही फांदीला पाच पानं लागायची का? खरं काय ते रविवारच्या आत कळवा. साहेबांना मी सांगणारच आहे, पण सोबत तुमचा कबुलीजबाब असला तर बरं दिसेल.

पुन्हा ता.क. फांदी खरीच आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही, तेव्हा नावाची आशा अजून आहे. पण आता तिला चारच पानं, म्हणजे कापता येत नाही, जिवंत झुडूपच शोधायला हवं. ठिकाण म्हणून तुम्ही लिहिलंय, 'ओढ्याच्या डावीकडे.' कुठला ओढा, मामा?