तोंडी टायपिंग

६ जाने.
थंडी लई. सकाळी बोटं उघडेनात. गरम पाण्यात हात बुडवून बसले तेव्हा कुठं पेन धरता आलं. म्हणून थोडक्यात.
माधवीचा फोन. घोडेगावला तहसीलबाहेर आम्ही दोघी शेजारी बसून लोकांचे अर्ज टाइप करायचो. आता ती पुण्यात एका संस्थेत आहे. मेंढरं पाळणाऱ्या बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्यात, ऐकून लिहून हव्यात. करशील?
म्हटलं, बाई, संधिवातानं टायपिंग कधीच सुटलं माझं.
"बोटं कोण मागतंय? फोनमध्ये बोललं की तो लिहितो. तोंड तर तुझं कधी दुखलं नाही."
नमुन्याला एक मुलाखत पाठवतेय. पसंत पडली तर पुढचं सगळं काम माझ्याकडं. हो म्हणून बसले. आता बोटं पुरे म्हणतायत.

७ जाने.
आधी आळशी उपाय केला. ह्यांचा जुना फोन, काच तडकलेला, त्यावर मुलाखत लावली आणि माझा फोन त्याच्या तोंडाशी ठेवला. तू बोल, तू लिही, मी भाकऱ्या करते. भाकऱ्या उरकून बघते तर "मामा पाणी हॅलो मामा". पुढं कोरं.
माधवी हसली. रेकॉर्डिंगमध्ये वारा आहे, मेंढरं ओरडतात, फोनला कसं कळणार? तू कानानं ऐक आणि तुझ्या आवाजात परत बोल.
म्हणजे मधे मी लागतेच. बरं वाटलं.

९ जाने.
ह्यांच्याबरोबर नारायणगावला. हे द्राक्षाच्या औषधाच्या दुकानात, मी मोबाइलच्या. दुकानदार म्हणतो, "ताई, व्हिडिओ करायचेत? मग हा लाइटचा सेट घ्या." म्हटलं भाऊ, मला दिसायचं नाही, नुसतं ऐकू जायचंय. कॉलरला लावायचा वायरवाला माइक घेतला, सगळ्यांत स्वस्त. हेडफोन घरचाच. झालं ऑफिस.
बसायचं कुठं हा प्रश्न. ओट्यावर जीपचे हॉर्न, स्वयंपाकघरात मिक्सर. शेवटी धान्याच्या खोलीत पोत्यांच्या मधे खुर्ची टाकली. पोती आवाज खातात. बाहेरचं काही येत नाही.
सासूबाई दारातून, "एकटीच कुणाशी भांडतीयास गं?"

१० जाने.
ही नोंद बोलून! पेन नाही, बोटं नाहीत. किती दिवसांनी मनात येईल तेवढं लिहितेय. बोटं दुखायला लागली तशी रोजनिशी दोन-दोन ओळींवर आली होती. आज बडबड. टिंबं नि स्वल्पविराम तेवढे मागाहून एका बोटानं.
मुलाखतीचं जमायला लागलंय. एका कानात बाई. थोडं ऐकायचं, थांबवायचं, बोलायचं. बाई म्हणाल्या, आमच्या लई बकऱ्या व्हत्या. फोननं लिहिलं, आमच्या लई बेकऱ्या होत्या.
ह्यांना वाचून दाखवलं. "मंग रानात कशाला हिंडत व्हत्या? बसून खारी इकायची की."
मी हसतेय, हे हसतायत. फोन तेवढ्यात "हा हा हा" पण लिहून मोकळा.

११ जाने.
आजचं वाक्य: रात्री मेंढरांभोवती वाघ लावायचो.
परत ऐकलं. वाघ... पुढं वाऱ्याचा घरघराट. हे म्हणतात, "बिबट्याच्या भ्यानं आपुन दिस मावळला की दार लावतो, आन् ही बया वाघालाच राखणीला ठिवती!"
मागच्या आळीतल्या तुळसाकाकूंकडं गेले. त्यांच्याकडं अजून थोडी मेंढरं आहेत. मुलाखत कुणाची ते सांगितलं नाही, वाक्य तेवढं विचारलं. काकू हसून हसून खालीच बसल्या.
"वाघ न्हाई गं, वाघर! जाळी असती ती. खुट्या ठोकायच्या, भवतीनं जाळी बांधायची, मेंढरं आत." मग स्वतःचंच सांगायला लागल्या. नवी नवरी असताना अंधारात वाघरीत पाय अडकून सासऱ्याच्या पुढ्यात आडव्या. "समदी मेंढरं माझ्याकडं बघाय लागली. सासरा म्हणला, हिला पण आतच ठिवा आज."
घरी येईपर्यंत मी रस्त्यानं हसत होते.

१३ जाने.
अडचण. जेवढं झालं तेवढं माधवीला दाखवलं. म्हणाली, "छान आहे गं, पण ह्या बाई बोलत नाहीत, तू बोलतेयस. जशा बोलल्या तशाच हव्यात."
खरंय. बाई "व्हतं" म्हणतात, मी "होतं" बोलते. चुकून "व्हतं" बोलले तरी फोन "होतं"च करतो. घोडेगावला मी तेच करायचे. माणूस सांगायचा, "सायेब, माझं नाव न्हाई आलं यादीत". मी टाइप करायचे, "महोदय, माझे नाव समाविष्ट झालेले नाही". तेव्हा तेच काम होतं. इथं ते चालणार नाही.
सगळं पहिल्यापासून. आठवडाअखेर द्यायचंय. 

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ वाटला, सुगडं पुजली. फोनशी पण गोड बोलले.

१५ जाने.
युक्ती सापडली, म्हणजे अर्धी. बाईंच्याच चालीत बोलायचं. त्या थांबतात तिथं थांबायचं, त्या हेल काढतात तिथं काढायचा. "व्हतं", "न्हाई", "आमी" एवढे शब्द शेवटी परत ऐकत एका बोटानं दुरुस्त. बोट दुखतं, पण एकच.
गंमत म्हणजे ही चाल माझीच निघाली. मढला माहेरी आम्ही असंच बोलायचो. टायपिंगच्या क्लासात सर म्हणाले शुद्ध बोला, तेव्हा सोडलं ते सोडलंच. आज खोलीतून बाहेर आले ती ह्यांना म्हणाले, "जेवाय बसा, लई येळ झाला." हे बघतच राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी माणसात आली."

१६ जाने.
पाठवली!!
संध्याकाळी सासूबाई चहा घेऊन आल्या, बिनसाखरेचा. म्हटलं, साखर? तर म्हणाल्या, "परवा खोलीत बोलत व्हतीस न्हवं, म्हातारीचा चहा म्हंजे पाक असतो म्हणून?"
ते रोजनिशीत बोलून मी लगेच पुसलं होतं. फोनवरनं पुसलं, कानावरनं कसं पुसणार! पोती आवाज खातात म्हणे. हात जोडले. त्या साखरेचा डबा घेऊनच आल्या होत्या, पदराखाली.
यापुढं रोजनिशी मळ्यात बसून.

१९ जाने.
(मळ्यातून.) माधवीचा फोन. पास! तिच्या वरच्या मॅडम म्हणाल्या, वाचताना बाई समोर बसल्यासारख्या वाटल्या. पुढच्या मुलाखती माझ्याकडं. फोन ठेवला आणि बांधावरून उगाच चकरा मारल्या. हात दुखतच होते, दुखू देत.
पण अजून एक आहे. मढकडच्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्यात. "तूच जा. माइक आहे, भाषा तुझी आहे." म्हटलं, मी लिहिणारी, विचारणारी नव्हे. म्हणाली, विचार करून सांग.
ह्यांना सांगितलं. "जा की. द्राक्षं काय तुझ्यावाचून पिकायची थांबत्यात व्हय?"

२१ जाने.
मढचं अजून कळवलं नाही. आधी घरीच सराव करावा म्हणून दुपारी सासूबाईंच्या पदराला माइक लावला. दिवसभर ज्यांचं तोंड मिटत नाही त्या गप्प. केस सारखे केले. माइककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
म्हटलं, "आई, लग्न होऊन ह्या घरात आलात तो दिवस सांगा."
त्यांनी माइक चाचपला. मग, "आधी ते बंद कर. मंग सांगते."
बंद केला. वायर गुंडाळून डब्यात ठेवली, त्यांना दिसेल अशी.
मग त्या बोलल्या. ऊन ओट्यावरून उतरलं तरी बोलतच होत्या. मधे एकदा हसल्या, मधे एकदा डोळ्याला पदर लावला. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.
काय बोलल्या ते इथं घेत नाही.
माधवीला उद्या फोन करायचाय. जाते म्हणून सांगणार, पण बाई बंद कर म्हणाली की माइक बंद.