वर्गातला बोका

४ जुलै, शुक्रवार

आणि वर म्हणते कशी — "तुला काय कळतंय त्यातलं!" नाही ना कळत? मग कशाला सांगितलंस शोधायला? दोन आठवडे हेच चाललंय. मी साइट शोधून पाठवायची आणि ताईने नाक मुरडायचं. परवाची म्हणे अगदीच बाळबोध. कालची जाहिरातींनी भरलेली. एक पोरगा गुणाकार सोडवता सोडवता चपलांच्या दुकानात जाऊन पोचला म्हणे. त्यात माझा काय दोष?

शाळेने फर्मान काढलंय. प्रत्येक बाईंनी आणि सरांनी आपला वर्ग ऑनलाइन पण चालवून दाखवायचा. धडे, सराव, चाचण्या, सगळं. ताई अजून करारावर. जमलं तर करार पुढे, नाही तर हातात नारळ. आणि तिच्याकडे रेंज कुठे, तर गच्चीवर. तीही पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभं राहिलं तरच. इथे लॉन्ड्रीत वायफाय फुकट, म्हणून शोधाशोध माझ्या गळ्यात.

सहावीतून पळालेला माणूस मास्तरांसाठी साइटी शोधतोय! लांब्याला सांगितलं तर हसून हसून बादलीत पडेल.

६ जुलै, रविवार

सांगितलं. पडला नाही, पण पोट धरून हसला. लांब्या म्हणजे माझ्या खोलीतला. डिलिव्हरीची गाडी चालवतो. त्याचे पाय कॉटच्या बाहेर लोंबतात. "अरे वा, मास्तरांचा मास्तर! आता मला पण पाढे विचारणार का?" म्हटलं, आधी ते मोजे धू.

९ जुलै, बुधवार

आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी येतात. धुवायच्या, गरम रोलरमधून काढायच्या, घड्या घालून गठ्ठे बांधायचे. मुकादमाचा एकच नियम — गठ्ठा बाहेर जायच्या आधी मधली एक चादर ओढून उघडायची. "वरून सगळंच पांढरं दिसतं रे!" दिवसातून पन्नासदा ओरडतो.

आता साइटींचं पण मी तसंच करतो. नुसती लिंक पाठवत नाही. आत जाऊन, पोरासारखा बसून, सगळं सोडवून बघतो. एका पीडीएफचं चौथं पान कोरंच! एक साइट फुकट-फुकट म्हणत सातव्या प्रश्नाला थेट कार्डाचा नंबर मागते. एकीवर ग्रहताऱ्यांची फिल्म झकास, पण त्यातल्या बाई अशा बोलतात जणू मागे कुत्रं लागलंय.

हे सगळं ताईला बोलून पाठवलं. उत्तर आलं, "बरं केलंस. ते कोरं पान मला वर्गात कळलं असतं तर पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला असता."

"बरं केलंस"! ताईकडून! मेडलच की हे.

१५ जुलै, मंगळवार

सापडली! शिक्षकाने वर्ग उघडायचा, कोड द्यायचा, पोरांनी कोड टाकून आत यायचं. उतारा समोर येतो. स्पीकर दाबला की साइट तो वाचून दाखवते आणि जो शब्द वाचते तो पिवळा होतो. मग पोराने स्वतः वाचायचं. ते रेकॉर्ड होऊन शिक्षकाकडे जातं.

पण कोडशिवाय आतलं काही दिसत नाही. ताईने वर्ग उघडला, कोड धाडला. मी टाकला. तर म्हणे नाव? खरं नाव कशाला, तपासून तर निघायचंय. टाकलं — बोका. लहानपणी दुधावरची साय खायचो म्हणून घरात पडलेलं नाव. लगेच पाटी आली, "बोका, पाचवीच्या वर्गात तुझं स्वागत!" मिशा फुटलेल्या माणसाला!

आवाज ठीक. पिवळा ठीक. ताईला कळवलं, उघडून बघितलंय, बिनधास्त वापर.

१६ जुलै, बुधवार

आज परत उघडलं. असंच, बघायला.

२८ जुलै, सोमवार

असंच बघायला म्हणता म्हणता सहा उतारे झाले. जेवणाच्या सुट्टीत घड्यांच्या टेबलामागे बसतो, तिथे रोलरचा आवाज जरा कमी येतो.

लिहायला मी अडत नाही. मनात आधी ऐकू येतं, ते उतरवायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं म्हटलं की बोंब. ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. शाळेत उभं राहून वाचायची पाळी आली की सगळा वर्ग आधीच गालातल्या गालात हसायला लागायचा. पण हा पिवळा शब्द बोट धरून चालवतो. पुढच्याला पुढे येऊ देत नाही.

आणि मशीन हुशार! वाचून झालं की तासा-दोन तासांनी खाली शेरा येतो. आजचा होता, "छान. पण 'नव्हता' गाळलास. म्हातारा घरी नव्हता, तू त्याला घरात बसवलंस. परत वाच." परत वाचलं. म्हाताऱ्याला बाहेर काढलं.

लांब्याला म्हटलं, बघ, हे मशीन हसत नाही. तर म्हणतो, "मशीनला माहीत नाही तू कसा दिसतोस."

५ ऑगस्ट, मंगळवार

ताईचा फोन. एकतीसची एकतीस पोरं ऑनलाइन वर्गात आली. शाळेच्या मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी म्हटलं, माझं नाव सांगितलंस की नाही? सहज म्हटलं. गमतीत.

"सरांना काय सांगू? भाऊ चादरी धुतो आणि माझ्यासाठी साइटी तपासतो?"

फोन ठेवला मी. परत आला, उचलला नाही. धुतो चादरी. त्याच चादरींच्या पैशांवर बी.एड. झालीस ना!

हे तिला म्हणालो नाही. इथेच लिहितोय.

६ ऑगस्ट, बुधवार

राग काढायला उतारा वाचला. जोरात. मशीनचा शेरा, "एकही चूक नाही. पण आज आवाज चिडका आहे. पाणी पी."

मशीनला कसं कळलं?

१९ ऑगस्ट, मंगळवार

वाट लागली.

दुपारी आईचा फोन. "काय रे, ताईच्या शाळेत काय घोळ घालून ठेवलास?" मला आधी कळेचना. मोठ्या सरांनी वर्गाची यादी छापून घेतली, शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार म्हणून. हजेरीत एकतीस, यादीत बत्तीस. बत्तिसावा बोका! "बाई, हा कोण? खोटी नावं घालून पट फुगवताय?" सगळ्या शिक्षकांसमोर. शेजारच्या शाळेत अशाच कारणाने एका सरांना घरी बसवलंय.

तपासून निघायचं होतं. निघालोच नाही मी. महिना झाला.

लगेच साइट उघडली. बाहेर पडायचं बटण शोधलं. नाही. खाली लिहिलंय — वर्गातून नाव काढण्याचा अधिकार फक्त शिक्षकांना. ताईला फोन लावला. "काढून टाक मला. एक बटण आहे तिकडे."

"सर पण तेच म्हणतायत."

"मग काढ की!"

"बघते," म्हणाली. बघायचंय काय त्यात?

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या साहेब. सकाळपासून तीन चादरी वाकड्या घातल्या रोलरमध्ये. मुकादम म्हणाला, "लग्न ठरलंय का तुझं?"

बोका अजून यादीत! ताई फोन कापते. शेवटी साइटवरच, उताऱ्याच्या खाली, जिथे शेरे येतात, तिथे लिहिलं — काढ ना. कोणी वाचेल असं वाटलंही नव्हतं. दहा मिनिटांत उत्तर.

"फोन करू नकोस. गच्चीवर आहे, खालचे ऐकतात. नववा उतारा राहिलाय तुझा."

परत वाचलं. म्हणजे म्हातारा घरी नव्हता, पाणी पी — ते सगळं मशीन नव्हतं. मशीन रोज पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभं होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आईने सांगितलं. तिला ताईनेच सांगितलं, भांडी घासता घासता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

साहेबांनी विचारलं, बोका कोण? ताई उभी राहिली. "माझा भाऊ. परगावी लॉन्ड्रीत चादरी धुतो. सहावीत शाळा सुटली. माझ्याकडे वाचायला शिकतोय. हजेरीत नाही, त्यामुळे पट फुगत नाही. पण वर्गातून काढणार नाही."

चादरी धुतो. सगळ्यांसमोर म्हणाली.

साहेब हसले म्हणे, पुढच्या वर्गात गेले. मोठे सर नाही हसले. शाळेचं खातं घरच्यांना वापरायला दिलं, सांगूनही ऐकलं नाही. करार पुढे नाही. महिनाअखेर शेवटचा दिवस.

"एक बटण होतं रे," आई म्हणाली. "एक. तुझी बहीण म्हणजे... तुम्ही दोघं एकाच मुशीतले." मग फोनवर नुसता नळाचा आवाज.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज ताईने फोन उचलला.

"का नाही दाबलंस?"

"पुसलं असतं तर परत आला असतास?"

नसतो आलो.

"अक्कल आहे का तुला? नोकरी गेली!"

"माझी गेली. तू कशाला ओरडतोस?" नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झालीय म्हणाली. असेल. "वर्ग एक तारखेला बंद होईल. खातं शाळेचं आहे. आठवा चांगला वाचलास. जोडाक्षराला अजून श्वास अडतो."

"मग आता?"

"तू मागे एक साइट पाठवली होतीस. कुणालाही वर्ग उघडता येतो, शाळा लागत नाही. ती उघडून बघितलीस का, की नुसतीच लिंक ढकलली?"

ढकलली होती. त्या दिवशी घाई होती.

"मग बघ आधी. आणि नवव्याचं विसरू नकोस."

२८ ऑगस्ट, गुरुवार

उघडून बघितली. पार शेवटपर्यंत. कार्ड मागत नाही. पान कोरं नाही.

मुकादमाला रविवारची पाळी मागितली. "खरंच लग्न ठरलंय वाटतं," म्हणाला. दिली.

१ सप्टेंबर, सोमवार

नवीन वर्ग सुरू. विद्यार्थी एक.

आईला नेहमीचे पैसे पाठवले. ताईला वेगळे. परत करायला बघेल, म्हणून सोबत लिहिलंय — शिकवणीची फी, शाळा देत होती तेवढीच. साडेसहा हजार.