दादाच्या वह्यांतली कोरी पानं

आई,

दादाच्या ट्रंकेतल्या वह्या मी काढल्या. त्यानं लिहिलेल्या एकाही पानाला धक्का लावला नाही, मागची कोरी पानं तेवढी काढून एक वही शिवली. यंदा बाजारात कागदच नाही. वहीवाचून शेजारची मायाक्का आठ दिवस शाळा सोडून घरी बसलीय. आबा म्हणाले, "चार पानांनी काय फरक पडतोय?" चार नाही, सत्तर निघाली की.

दादा वारल्यापासून तू ट्रंकेला हात लावू देत नाहीस, म्हणून विचारायचा धीर झाला नाही. मायाक्काला घेऊन शाळेत निघालेय. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन आलीस की मला खुशाल मार, पण तिच्याकडून वही परत मागू नकोस.

विजू