कुंकू लागलेली कादंबरी

लोणावळे, गुरुवार, मार्गशीर्ष

आज सभेत वाचनालयाचा उशिराचा दंड बंद झाला. चिटणीस असून मी एकटाच विरोधात. दंडाचा धाक नसेल तर पुस्तकं परत कोण आणणार? अजूनही तेच वाटतं. की नाही?

सभा उठते तोच मळवलीचे धोंडूआबा दारात. श्रावणात नेलेली कादंबरी आज आणली, आणि तिच्या मुखपृष्ठावर चक्क हळदकुंकू! मी तापलोच. "दंड बंद झाल्याचं कळलं म्हणून आलात होय?"

"बंद झाला व्हय? मला न्हाई ठावं. सून रोज सांजची वाचती, समदी आळी ऐकाया बसती. समाप्ती व्हईस्तवर पोथी उठवत न्हाईत. काल समाप्ती झाली, नारळ फोडला."

पोथी! अहो, खुनाची कादंबरी ती!

म्हणजे ज्या दंडावरून आम्ही दुपारभर भांडलो, तो आबांच्या गावीही नव्हता.

कुंकू पुसायला गेलो तर आणखीच पसरलं. पुस्तक खराब केल्याचा दंड अजून आहे, तो सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी हातावर खोबरं ठेवलं. प्रसाद म्हटल्यावर खाल्लं.

आता खुनाचा प्रसाद तोंडात धरून दंड कुठला मागणार?