आपोआप बंद होणारा प्रकाश

प्रिय धाकट्या,

अक्षरं वाकडीतिकडी आली आहेत, लावून घे. डावा डोळा झाकला की नेमका जो शब्द वाचायचा तोच काळ्या ठिपक्याखाली जातो. परवा तसंच आईकडे बघितलं. कान दिसले, केस दिसले, आईच दिसेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आता असंच राहणार.

तू दवाखान्यात आलास, सफरचंदं ठेवलीस, पंख्याकडे बघत बसलास आणि गेलास. तेव्हापासून माझा फोनही उचलत नाहीस.

अरे, इंटरनेटच्या फायबरच्या तारा जोडायला तुला मीच शिकवलं ना? स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिला धडा काय दिला होता? तारेतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून भिंगातून बघण्याआधी प्रकाश मोजायचा मीटर लावायचा. एकवीस वर्षं मी तो लावला. त्या दिवशी नाही लावला, कारण कंट्रोल रूममध्ये तू होतास. फोनवर विचारलं, लाइन बंद आहे ना? तर हसलास. म्हणालास, अगं ताई, तार तुटली की लेझर आपोआप बंद होतो, इतकी वर्षं काम करतेस आणि मला काय विचारतेस! मी तारेच्या टोकावरची धूळ बघायला भिंग डोळ्याला लावलं. ना चटका बसला, ना काही चमकलं. नंतर चहा घ्यायला बसले, तर कपाच्या मध्ये भोक.

म्हणे आपोआप! ती सोय चालू ठेवली तर ना? तू आठवडाभर आधी चाचणीसाठी ती काढलीस आणि परत लावलीच नाहीस. का, तर तार जोडल्यावर लाइन यायला दोन मिनिटं जास्त लागतात आणि साहेब ओरडतात. हे तू आईजवळ रडत सांगितलंस, माझ्याजवळ नाही. दोन मिनिटांसाठी माझा डोळा घालवलास रे, गाढवा!

तरी चौकशीच्या कागदावर मी सही केली, की चूक माझी, मीटर लावला नाही. आईने हात धरले, तुझं लग्न ठरलंय म्हणाली. आणि ते खोटंही नव्हतं, अर्धी चूक माझीच होती.

पण आज माझ्या जागी काम करणारा जाड्या भेटायला आला. काल तुटलेल्या तारेला त्याने मीटर लावला, तर आत प्रकाश! ड्यूटीवर कोण? तू. अजून चार लाइनींवर तसंच आहे म्हणे. जाड्या हसत सांगत होता. माझं डोकं फिरलं. एका डोळ्याने तुझं भागलं नाही का?

म्हणून हे पत्र. आईच्याच हाती देतेय, आत काय आहे ते तिला माहीत नाही. उद्या दहा वाजता मी मोठ्या साहेबांकडे जाऊन माझी सही मागे घेणार आहे. तू नऊ वाजता जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. नोकरी गेली तर माझ्या घरी ये, दोन घास मी घालीन. पण आत्ता हे पत्र खाली ठेव, ऊठ, आणि त्या चारही लाइनींवरची सोय चालू कर. जाड्या सकाळी सातला कामावर निघतो.

तुझीच,
ताई